पडद्यामागचे केस

४ मार्च, सोमवार

पोचले एकदाची. दोन बॅगा, एक उशी आणि ही कोरी वही, एवढाच संसार घेऊन आले आहे.

खोली दवाखान्याच्या बरोबर वर आहे. आतल्या जिन्याने उतरलं की थेट तपासणीच्या खोलीत. म्हणजे कामावर उशिरा पोचायला आता एकही सबब उरली नाही. लोखंडी खाट, भिंतीतलं कपाट, एक खिडकी. खिडकीतून पत्र्याच्या कारखान्याचं लांबच लांब छप्पर दिसतं. तिथे डबे आणि पिंपं ठोकतात. दुपारी तीनला पाळी सुटल्याचा भोंगा झाला तेव्हा माझ्या कानठळ्या बसल्या आणि खिडकीची काच बराच वेळ थरथरत राहिली.

अर्धं गाव त्या कारखान्यात कामाला आहे आणि तेच अर्धं गाव बहिरं आहे. सामान वाहून आणणाऱ्या हमालाने मला पत्ता असा विचारला की मला वाटलं भांडायलाच उठलाय. बारा वर्षं कान तपासते आहे, पण असं गाव पाहिलं नव्हतं. माझ्यासारखीला इथे कामाची ददात नाही.

डॉक्टर साठीचे, ठेंगणे, हात एखाद्या लहान मुलीसारखे नाजूक. गावात त्यांना कानवाले डॉक्टर म्हणतात. त्यांची थोरली बहीण, जिला सगळे आक्का म्हणतात, ती नर्सही आहे, झाडूवालीही आणि खरं तर मालकीणही. डोक्याला घट्ट रुमाल, कान पूर्ण झाकलेले. अख्ख्या गावात हळू बोलणारी तीच एकटी. इतकं हळू की तिच्यापुढे मलाच कान टवकारून उभं राहावं लागतं. डॉक्टर हसून म्हणाले, आता तुम्ही आलात, बघा, कानामागून आली आणि तिखट झाली असं आक्काला वाटायला नको. आक्का हसली नाही.

आईला पोचल्याचा मेसेज केला. फोनवर तिला काही ऐकू येत नाही. सव्वीस वर्षं मागाच्या खटखटाटात काढली, आता कानाचं मशीन लावलं तर शिट्ट्या मारतं म्हणून ते ड्रॉवरमध्ये ठेवून देते. तिचं उत्तर आलं: जेवलीस का?

५ मार्च, मंगळवार

पहिला दिवस. कानातून काय काय निघू शकतं याची मला कल्पना आहे असं मला वाटत होतं.

सकाळी एका आजोबांच्या कानातून पिचकारीच्या पाण्याबरोबर मळाचा असा गोळा निघाला की ट्रेमध्ये पडताना टक् असा आवाज झाला. गुळाच्या खड्यासारखा, आणि त्यावर कानाच्या नळीचा ठसा. आजोबांनी तो घरी न्यायला मागितला. मग एका बाईच्या कानात बुरशी: ओल्या वर्तमानपत्राचा लगदा असतो तशी, वर काळे ठिपके. मग एक शाळामास्तर, ज्यांच्या कानातला पडदा आत ओढला जाऊन त्या खळग्यात कातडी साचत गेली होती. साचलेली कातडी कुजते आणि शेजारची हाडं खात जाते. तो वास एकदा नाकात बसला की जेवणाच्या ताटापर्यंत सोबत येतो. मास्तरांना मोठ्या इस्पितळात ऑपरेशनसाठी पाठवलं.

दुपारी कारखान्याचा फोरमन आला. आवाज एवढा की गावाने त्याचं नावच नगारा ठेवलंय. त्याला काचेच्या केबिनमध्ये बसवलं, हेडफोन लावले, आवाज आला की बटण दाबा म्हटलं. आलेख जसा असणार तसाच निघाला. खालचे, जाड आवाज ठीक. चार हजार हर्ट्झवर खोल खड्डा. ठोकाठोकीत काम करणाऱ्या सगळ्यांचा आलेख तिथेच कोसळतो. बारीक आवाज जातात. पाखरं, कुजबुज, बायकोचं निम्मं बोलणं. नगारा म्हणाला, बायकोचं गेलं ते बरंच झालं. मग म्हणाला, नातीचं पण जातं हो.

९ मार्च, शनिवार

दुपारी पेशंट नव्हते. डॉक्टरांनी कपाटातून कानाचं प्लास्टरचं मॉडेल काढलं आणि मी शाळकरी पोर असल्यासारखं मला समजावू लागले. मी ऐकून घेतलं. नव्या नोकरीत तेवढं करावं लागतं. बाहेरचा कान म्हणजे नुसता कर्णा. मग नळी, मग पडदा. पडद्यामागे तीन हाडं, हातोडी, ऐरण आणि रिकीब. रिकीब तर तांदळाच्या दाण्याहून लहान. ती हलते आणि आतल्या शंखातलं पाणी हिंदकळतं. शंखाला अडीच वेढे, त्यात हजारो सूक्ष्म केस. पाणी हललं की केस वाकतात, केस वाकले की आपल्याला ऐकू येतं. शंखाच्या शेजारी तीन अर्धवर्तुळाकार नळ्या, त्यांच्यावर आपला तोल.

मोठ्या आवाजाने ते केस मोडतात, आणि माणसात ते पुन्हा उगवत नाहीत, असं मी म्हटलं. हे तर परीक्षेत पहिल्या पानावर लिहायचं वाक्य. डॉक्टर मॉडेलमधल्या शंखावरून अंगठा फिरवत म्हणाले, कोणी सांगितलं?

त्यांच्याकडे थेंब आहेत. फ्रिजमध्ये तपकिरी बाटल्या, चिठ्ठी नसलेल्या. नगाऱ्याला पाच तारखेपासून चालू केलेत, रोज सहा थेंब. काय आहे त्यात म्हणून विचारलं तर या कानाने ऐकून त्या कानाने सोडून दिलं.

१५ मार्च, शुक्रवार

हे लिहून ठेवायलाच हवं.

नगाऱ्याची पुन्हा तपासणी केली. चार हजारावरचा खड्डा भरून आलाय. मी हेडफोन बदलले, मशीन बंद करून पुन्हा लावलं, तीनदा तपासलं. तिन्ही वेळा तेच. त्याला आता वीस वर्षांच्या पोरापेक्षा चांगलं ऐकू येतंय. केबिनमधून बाहेर येऊन तो नळाजवळ उभा राहिला. नळ गळत होता. तो म्हणाला, हा असा वाजतो होय, आणि तोंड फिरवून रडला. तेही हळूच.

मग मी दुर्बिणीने कानात पाहिलं. पडदा लालसर, फुगलेला, ओला. नळीत मधासारखा दाट पिवळा स्राव. आणि वास. मोरीच्या जाळीत अडकलेला केसांचा जुना गुंता बोटाने ओढून काढताना येतो, तसा गोडूस, शेवाळी वास. मला उमासा आला. बारा वर्षांत पेशंटसमोर पहिल्यांदा. त्याने तो ऐकला आणि माझीच विचारपूस केली.

आलेख मात्र खोटा नाही. किती वेळ तो समोर धरून बसले होते.

१७ मार्च, रविवार

ठरवलं. आईला बोलावते.

आई आणि मी कधी हळू आवाजात बोललेलो नाही. मला कळायला लागल्यापासून मी तिच्याशी ओरडूनच बोलते आहे. माझी पहिली पाळी, माझं मोडलेलं लग्न, सगळं मी तिला ओरडून सांगितलं आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांनी ते तिच्या आधी ऐकलं. मी हे काम शिकले ते तिच्यासाठीच, आणि तिच्यासाठीच मला आजवर काही करता आलं नाही.

डॉक्टरांना विचारलं. ते लगेच हो म्हणाले. जिन्याखाली आक्काने माझं मनगट धरलं आणि म्हणाली, आईला आणू नकोस. का, म्हणून विचारलं तर तिने डॉक्टरांच्या दाराकडे बघितलं आणि ट्रे धुवायला गेली. खाष्ट बाई आहे. मी कानाडोळा केला.

२२ मार्च, शुक्रवार

आई आली. बरोबर लोणच्याची बरणी नाही, काही नाही, फक्त माझे जुने स्वेटर. खोलीभर फिरून तिने धूळ पुसली. संध्याकाळी चार वाजता पहिले सहा थेंब मीच घातले. थंड लागतं म्हणाली. थेंब आत जाताना सरळ खाली गेला नाही, नळीच्या भिंतीला धरून धरून गेला असं वाटलं. उजेडामुळे असेल.

२९ मार्च, शुक्रवार

सकाळी मी तिच्याकडे पाठ करून केस विंचरत होते. आई म्हणाली, चिमे, तुझ्या कंगव्याचा केवढा आवाज येतो गं.

मी वळले नाही. पाठमोरीच राहून, जेमतेम ओठ हलवून म्हटलं, आई. ती म्हणाली, काय?

मग दिवसभर आम्ही कुजबुजत होतो. दवाखान्यातून सुट्टी मागून घेतली. ती माझ्याशी तिच्या आईबद्दल बोलली, मागावरच्या एका मैत्रिणीबद्दल बोलली, जे मला ठाऊकच नव्हतं असं कितीतरी. मी तिला लग्न का मोडलं ते खरं कारण सांगितलं. इतक्या हळू की माझं मलाच नीट ऐकू आलं नाही. तिने सगळं ऐकलं आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवला. तुझा आवाज असा आहे होय, म्हणाली. मला वाटायचं तू जरा चिडकी आहेस.

तिच्या उशीवर पिवळे डाग पडलेत. अभ्रा तिच्या कानाला चिकटून बसतो, सोडवताना खपली निघते. वास आहेच. धुऊन टाकला.

१ एप्रिल, सोमवार

नगारा आला. कानात कापसाचे बोळे, वर मफलर, मफलरवर दोन्ही हात. त्याला नगारा म्हणणाऱ्याने आता त्याला बघावं. तो श्वासाच्या आवाजात बोलतो. म्हणाला, डोळा हलवला की डोळ्याचा आवाज येतो, सँडपेपर घासल्यासारखा. जेवताना जबड्याचा. नात मांडीवर बसली की तिच्या पोटात अन्न कसं सरकतं त्याचा. तिला आता जवळ घेववत नाही, म्हणाला.

असा एक आजार आहे. आतल्या कानावरचं हाड विरलं की माणसाला स्वतःचे डोळे फिरताना ऐकू येतात. पण दुसऱ्याचं पोट नाही.

बोळा काढला. तो सुटत नव्हता. सुटला तो तार धरून सुटला. दुर्बीण लावली.

पडद्यातून केस आले होते. साधे कानाच्या तोंडाशी असतात ते नव्हेत. पांढरट, ओले, उकडलेल्या शेवयांसारखे अर्धपारदर्शक, शेकडो. प्रत्येकाच्या मुळाशी पिवळा थेंब. ते पडद्याला भोकं पाडून नळीत उतरले होते आणि निवांत पडून होते. मला खोकला आला.

ते सगळे माझ्याकडे वळले.

२ एप्रिल, मंगळवार

डॉक्टरांना सांगितलं. त्यांना ठाऊक होतं. केस आहेत, वाढणारच, असं म्हणाले. न्हाव्याकडे जातो तसं महिन्याकाठी यायचं. नगाऱ्याला बोलावून बारीक कात्रीने छाटलेही. प्रत्येक कापाला तो खुर्चीचा हात दाबत होता. कापलेले तुकडे ट्रेमध्ये वळवळत नव्हते, फक्त डॉक्टर बोलले की त्यांच्या बाजूला कलत होते.

मी मोरीत जाऊन ओकले. तोंड धुऊन वळले तर आक्का दारात. तिने रुमाल सोडला.

कानाच्या जागी कान दिसतच नव्हता. दोन्ही बाजूंनी पांढरट ओल्या बटा, वेणीसारख्या वळून मानेपर्यंत आलेल्या, खाली टोकाला पिवळं गोठलेलं. त्या बटा माझ्या तोंडासमोर सापासारख्या वर झाल्या नाहीत, काही नाही. फक्त माझ्या श्वासाबरोबर पुढे-मागे होत होत्या. आक्का म्हणाली, पहिली मी. आठ वर्षं झाली. पहिल्यापहिल्यांदा फार बरं वाटतं.

कापून का टाकत नाही, असं मी विचारलं. ती म्हणाली, या केसांतला जीव माझा आहे गं.

३ एप्रिल, बुधवार

आईच्या कानात पाहिलं. इतके दिवस पाहायचं टाळत होते हे आज कबूल करते.

आहेत.

थेंब बंद केले. आईला सांगितलं नाही. ती म्हणाली, काय झालं, तुझं काळीज एवढं धडधडतंय. खोलीच्या दुसऱ्या टोकाला बसली होती.

४ एप्रिल, गुरुवार

दुपारी तीनचा भोंगा झाला तेव्हा नगारा कारखान्याच्या फाटकापाशी होता. दोन पावलं चालला आणि पडला, असं लोक सांगतात. कानातून रक्त, आणि रक्ताबरोबर ते. उचलायला गेलेल्या माणसाने हात झटकून टाकला. मोठ्या इस्पितळात नेताना वाटेतच —

त्याची नात सात वर्षांची आहे.

इथे वर आईला मी दोन गाद्या, उशा, माझे दोन्ही हात असं दाबून धरलं होतं. तरी ती ओरडली. तिच्या कानातून माझ्या तळहातावर काहीतरी ओलं आलं आणि बोटांना गुंडाळलं. मी हात ओढला तर ती आणखी ओरडली.

रोज दोनदा होतो भोंगा. सकाळी सात, दुपारी तीन.

५ एप्रिल, शुक्रवार

डॉक्टर आणि आक्का गेले. फ्रिज रिकामा. एकही बाटली नाही, एकही कागद नाही. दाराबाहेर पाच-सहा पेशंट उभे आहेत, मफलर गुंडाळून. कुणी दार वाजवत नाही. ऐकत उभे आहेत.

मोठ्या इस्पितळाला फोन केला. मी सांगत गेले, पलीकडचा माणूस म्हणाला, ताई, तुम्ही स्वतः बऱ्या आहात ना. गाडी सोमवारी पाठवतो म्हणाला. सोमवारपर्यंत पाच भोंगे.

आई म्हणते, काढ. मागावर गुंता झाला की आम्ही ओढूनच काढायचो, चिमे. काढ.

६ एप्रिल, शनिवार

सातच्या भोंग्यानंतर आई बराच वेळ शुद्धीवर नव्हती. अकरा वाजता काढलं. खाली, तपासणीच्या खुर्चीत. बधिर करायचं औषध होतं तेवढं सगळं घातलं. चिमटा.

उजवा कान आधी. एकेक निघत नव्हता. सगळे मिळून एकच होते. ओढलं तसं येत गेलं, वीतभर, हातभर, मध्ये मध्ये पिवळ्या गाठी, वास असा की मी तोंडाला फडकं बांधून त्या फडक्यातच ओकले आणि तशीच ओढत राहिले. शेवटी काहीतरी अडकलं. आई म्हणाली, ओढ. टक् झालं.

टोकाला एक छोटा पांढरा शंख. अडीच वेढ्यांचा. वाटाण्याएवढा. तो हाडात असतो. तो बाहेर येऊच शकत नाही.

डावा पण तसाच.

आईला उभं राहता येत नाही. मान सरळ राहत नाही, खोली फिरते म्हणते, सारखी ओकते. कान कापसाने भरून पट्टी बांधली. मी ओरडले, टाळ्या वाजवल्या, स्टीलचा ट्रे फरशीवर आपटला. काही नाही. पार बहिरी. हसली माझ्याकडे बघून. शांत आहे गं, म्हणाली. कशीबशी पाठुंगळी घेऊन वर नेलं.

तीनचा भोंगा झाला. ती झोपूनच राहिली.

मी खूप रडले. सुटली म्हणून.

७ एप्रिल, रविवार

काढलेले ते दोन्ही गुंते स्टीलच्या ट्रेमध्ये झाकून खाली ठेवलेत. उद्या गाडीबरोबर दाखवायला. नाहीतर कोण विश्वास ठेवणार?

सकाळचा भोंगा झाला तेव्हा आई वर किंचाळली. स्वप्न पडलं असेल.

दुपारी, बारा

खाली ट्रे तपासायला आले. झाकण उचललं. सुकलेले नाहीत. वाढलेत. कडेवरून खाली आलेत, टेबलावर. किळस आली, तोंडातून निघून गेलं, आई गं.

वरून आई म्हणाली, ओ.

दुपारी, साडेबारा

पुन्हा केलं. वरचं दार बंद करून आले, खालचं बंद केलं. ट्रेच्या जवळ तोंड नेऊन अगदी हळू म्हटलं, आई, तुला ऐकू येतंय?

वरून म्हणाली, जवळून बोलतेयस. किती छान.

नुसते केस. इथे. आणि ऐकते ती तिथे.

दीड

आता बोलत नाही. लिहिते. लिहिलेलं ऐकू —

आईने विचारलं, काय लिहितेस?

दोन

तीनला भोंगा आहे. हे इथे असले तर ती — नगाऱ्यासारखी — आणि हे नष्ट केले तर — आक्का म्हणाली होती, जीव माझा आहे. कुणाचा? कुठे आहे तो, ट्रेमध्ये की वर खाटेवर?

गाद्या गुंडाळून पाहिल्या. त्यातूनही बाहेर येतात. बोटाएवढ्या फटीतून. ओले.

स्पिरिटची बाटली आहे. काडेपेटी आहे.

अडीच

बाहेरचे लोक दाराला कान लावून आहेत. दाराखालच्या फटीतून पांढरं काहीतरी —

जिन्याचं दार उघडलं. आई येतेय. तिला उभं राहता येत नाही, ती बसून, सरपटत, एकेक पायरी. ओकत. टेबलावरचे सगळे केस माझ्याकडून वळून तिच्याकडे झाले.

बूच मी काढलं ते मलाही ऐकू आलं नाही. तिला आलं.

हळू बोलतेय ती. ओरडत नाहीये. चिमे, ओतू नकोस, म्हणतेय, मला भोंगा चालेल, मरू दे मला भोंग्याने, पण तुझा आवाज मला अजून